वंचित वस्त्यांमधल्या शिक्षणासाठी फाउंडेशनचा पैसा नेमका कुठे लागावा?

खडूफळा

विषय असा. एखाद्या धर्मादाय फाउंडेशनकडे पाच वर्षांपुरता ठरलेला निधी आहे. काम करायचंय अशा वस्त्यांमध्ये, जिथे शाळा लांब आहे किंवा जवळ असून नावापुरती आहे, आईवडील रोजंदारीवर जातात आणि घरातली पहिलीच पिढी शिकते आहे. विश्वस्तांच्या बैठकीत अशा वेळी साधारण चार प्रस्ताव येतात: वर्गखोल्या बांधा, टॅब वाटा, हुशार मुलांना शिष्यवृत्त्या द्या, शिक्षकांना प्रशिक्षण द्या. चारही पटतात आणि निधी चौघांत वाटला की कुठेच पुरत नाही.

माझं मत आधी सांगतो. पहिल्या वर्षी यातलं काहीच करू नये. मूल नेमकं कुठे अडतंय ते आधी शोधावं. शेजारशेजारच्या दोन वस्त्यांतही अडण्याची जागा वेगळी असते. एकीकडे पाचवीनंतरची शाळा ७ किलोमीटरवर असते. दुसरीकडे शाळा दारात असते, पण चौथीतल्या मुलाला दुसरीचं पान वाचता येत नाही. दोघांनाही टॅब दिला तर दोघांचीही अडचण जिथल्या तिथे राहते.

पैसा कुठे लागू पडतो, कुठे वाया जातो आणि का, हे जाणकारांनी या धाग्यावर लिहावं. पायऱ्या, प्रमाणं, नेहमीच्या चुका, सगळं हवं आहे.

उजळणी

दिशेशी सहमत, पण वर्षभर नको. सर्वेक्षण सहा आठवड्यांत उरकतं. वर्षभर नुसत्या वह्या घेऊन फिरलात तर वस्तीचा विश्वास आटतो.

आधी घरोघर फिरून ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाची यादी करायची. शाळेच्या पटावरून यादी उतरवली तर पहिलीच पायरी चुकते, कारण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती मुलं एकतर पटावर नसतात किंवा पटावर असून वर्गात नसतात. मग प्रत्येक मुलासोबत एकट्याने, घराजवळच, दहा मिनिटं बसायचं. वाचनाचे पाच स्तर: काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. लेखी परीक्षा अजिबात नको. वाचताच न येणाऱ्या मुलाचा कोरा पेपर आपल्याला काहीच सांगत नाही.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्दांवर या. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर शब्दस्तर, नाहीतर अक्षरं. एक माणूस दिवसाला २० ते २५ मुलांच्या वर चाचणी नीट घेऊ शकत नाही. पुढे कान थकतो आणि अडखळत वाचणारंही 'वाचतं' म्हणून नोंदलं जातं. म्हणून दर दहातल्या एका मुलाची चाचणी दुसऱ्या माणसाने पुन्हा घ्यायची. दोघांचे निकाल जुळले नाहीत तर काम थांबवून चाचणी घेणाऱ्यांचं प्रशिक्षण पुन्हा.

शेवटी एका कागदावर तक्ता करा. उभ्या ओळीत इयत्ता, आडव्या ओळीत स्तर, चौकटीत मुलांची संख्या. बैठकीत आधी हा कागद ठेवा आणि मग प्रस्ताव वाचा.

झरोका

'बांधकाम नको' हा सूर आजकाल फार ऐकू येतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रोझेनवाल्ड शाळांचा इतिहास पाहा. सीअर्स या किरकोळ विक्रीच्या मोठ्या कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी इथल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१२ मध्ये अलाबामात सहा छोट्या शाळांपासून सुरुवात केली. १९१७ मध्ये रीतसर निधी स्थापन झाला. १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या, सगळ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी, जिथे सरकारी तिजोरीतून त्यांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नव्हतं. पुढे अर्थतज्ज्ञांनी जनगणनेचे आकडे तपासले तेव्हा ग्रामीण भागातल्या त्या पिढीच्या शिक्षणवाढीत या शाळांचा मोठा वाटा दिसला. तिथे मूल इमारतीपाशीच अडलेलं होतं, त्यामुळे इमारत हेच उत्तर होतं.

आराखडेही नीट विचार करून केलेले होते. वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची सलग रांग, आणि इमारतीची दिशा अशी की वर्गात पूर्वेचा किंवा पश्चिमेचा उजेड यावा. बाकं अशी मांडायची की उजेड डाव्या बाजूने पडेल आणि लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली वहीवर येणार नाही. पैसे देणाऱ्याने इतक्या बारकाव्यात शिरावं लागतं. 'खोल्या ४, एकूण क्षेत्रफळ इतकं' एवढ्याच कागदावर बांधकाम मंजूर झालं की छताच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात मुलं बसूच शकत नाहीत आणि पावसात शिक्षकांचा आवाज पोचत नाही. पत्र्याखाली छताचा दुसरा आडवा थर, भिंतीच्या वरच्या टोकाला हवा जायला झरोके आणि जमिनीपासून जोतं उंच. या तीन गोष्टींना खर्च थोडा लागतो, पण मागाहून त्या करणं फार अवघड जातं.

ताळेबंद

झरोका, चांगलं उदाहरण दिलंत. त्यातला पैशाचा भाग जोडतो, कारण खरी शिकवण तिथे आहे.

रोझेनवाल्ड निधी पूर्ण खर्च कधीच देत नसे. स्थानिक शासनाने वाटा द्यायचा, जागा आणि इमारत सार्वजनिक शाळाव्यवस्थेच्या नावे करायची, आणि वस्तीने रोख, लाकूड किंवा श्रम घालायचे. एकूण हिशेबात कृष्णवर्णीय कुटुंबांनी घातलेली रक्कम रोझेनवाल्डच्या रकमेपेक्षाही थोडी जास्तच भरली. यामुळे शाळा आपली वाटली हे खरं. पण ही कुटुंबं करही भरत होती, तो पैसा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळत होता, आणि वर पुन्हा वर्गणी. गरिबाने एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजले. म्हणून 'लोकसहभाग' हा शब्द आराखड्यात लिहिताना कोण किती देणार हे नीट तपासा. रोजंदारी बुडवून केलेलं श्रमदान फुकट नसतं.

अमेरिकेतला पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी याच्या ग्रंथालयांची अट वेगळी होती. जगभर २,५०० च्या वर ग्रंथालयांना पैसा दिला, पण गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या १० टक्के इतकी रक्कम दरवर्षी चालवण्याच्या खर्चासाठी बांधून द्यायची. गाव कबूल झालं नाही तर देणगी नाही. आजही कुठल्याही बांधकामाला हीच फूटपट्टी लावावी: पुढची दहा वर्षं झाडू, पाणी, रंग, दुरुस्ती कोण भरणार, त्याचं नाव आणि सही. नाव सापडत नसेल तर बांधू नका.

पायवाट

शौचालयाला हा नियम आधी लावा. आतून लागणारी कडी, आत पाण्याचा नळ, झाकणाची कचरापेटी आणि सफाई करणाऱ्याचा मासिक पगार. चारपैकी एक नसेल तर काही महिन्यांत बाहेरून कुलूप लागतं, आणि मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस घरी राहायला लागतात. बांधकामासाठी देणगीदार लगेच मिळतो, सफाईच्या पगारासाठी मिळत नाही. फाउंडेशनने नेमका तोच खर्च उचलावा.

दूरदिवा

टॅबबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं.

पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना प्रत्येकी एक लॅपटॉप देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. ३१९ शाळांमध्ये त्याचं मूल्यमापन झालं. सुमारे सव्वा वर्षानंतर मुलांकडे यंत्रं होती, ती वापरलीही जात होती, पण गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र कुठल्या तासाला, कुठल्या धड्यासाठी, कुणाच्या देखरेखीखाली वापरायचं हे ठरलेलं नसेल तर असंच होतं.

तरीही करायचंच असेल तर किमान एवढं. प्रत्येक मुलाला एक असं नको, ५ ते ६ मुलांच्या गटाला एक. सगळा मजकूर यंत्रातच साठवलेला असावा, इंटरनेटवर भिस्त नको. कुलूप लागणारी चार्जिंगची पेटी हवी, तिच्यात हवा खेळायला हवी, नाहीतर बॅटऱ्या फुगतात. यंत्रांच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. काच आणि चार्जिंगचं तोंड, मोडतं ते बहुतेक हेच. आणि यंत्र हरवलं तर शिक्षकाच्या पगारातून कापायचं नाही, हे लेखी द्या. ती भीती असली की शिक्षक पेटी उघडतच नाहीत, आणि तीन वर्षांनी टॅब नवे कोरे सापडतात.

पुस्तकपेटी

यंत्रांचं सोडा, साध्या पाठ्यपुस्तकांचंही तसंच होतं. केनियातल्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं पुरवली तेव्हा सरासरी गुण हलले नाहीत, फायदा आधीच पुढे असलेल्या मुलांना झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही त्यातल्या बहुतेकांची तिसरी भाषा. बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती.

म्हणून वाचनालय करायचं तर ज्या भाषेत मूल घरी बोलतं त्या भाषेतली पुस्तकं आधी. एका मुलामागे ३ ते ५ पुस्तकं पुरतात. त्यातली निम्मी पानाला एक-दोन ओळींची आणि मोठ्या चित्रांची असावीत, मग ती तिसरीत वाचली जावोत की सातवीत. उजळणी यांच्या तक्त्यावरून खरेदीची यादी थेट निघते. पुस्तकांची मुखपृष्ठं समोर दिसतील अशी मांडा, कणे नकोत. कपाटाला कुलूप नको. मुलांनी घरी न्यावीत, नोंद मुलांनीच ठेवावी. दरवर्षी पाचवा हिस्सा पुस्तकं फाटणार किंवा हरवणार, तेवढी नवी घेण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून धरा. सगळी पुस्तकं जशीच्या तशी सापडली तर ती वाचली गेली नाहीत असं समजा.

आणि घरातली जुनी पुस्तकं गोळा करून पाठवण्याच्या मोहिमा कृपया नकोत. त्यातलं वयाला, भाषेला आणि स्तराला जुळणारं फार थोडं निघतं. बाकीचं निवडण्यात आणि वाहून नेण्यात पैसा जातो.

बोरूबहाद्दर

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००. आयकराच्या जुन्या मार्गदर्शिका आणि कालबाह्य अ‍ॅटलास मुलांनी वाचून करायचं काय!

पुढचीयत्ता

शिष्यवृत्तीवर सविस्तर लिहिते, कारण इथे हेतू चांगला असूनही रचना फसते.

पहिली चूक हिशेबाची. दरवर्षी २० नवे विद्यार्थी घ्यायचे आणि अभ्यासक्रम ३ वर्षांचा, तर तिसऱ्या वर्षी एकाच वेळी ६० जणांचा खर्च असतो. वर काही जणांचं एखादं वर्ष वाढतं, त्यासाठी १० टक्के धरा. अनेक फाउंडेशन पहिल्या वर्षीचा निधी पूर्ण वाटून टाकतात आणि तिसऱ्या वर्षी नव्यांना घेऊ की जुन्यांना सांभाळू या पेचात सापडतात. नियम साधा आहे. विद्यार्थी निवडला त्या दिवशी त्याच्या संपूर्ण अभ्यासक्रमाची रक्कम बाजूला काढलेली असावी.

दुसरी चूक वेळेची. फी भरायची तारीख आधी, शिष्यवृत्ती जमा होते चार महिन्यांनी. तोवर घरच्यांनी सावकाराकडून उचललेलं असतं आणि शिष्यवृत्ती व्याजात जाते. फी थेट संस्थेला, सत्र सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी. राहण्याखाण्याची रक्कम मुलाच्या खात्यात, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. पहिल्या महिन्यात दुप्पट द्या, कारण खोलीची अनामत, प्रवास, गादी, भांडी हे सगळं तेव्हाच येतं. खात्यातलं नाव आणि शाळेतलं नाव जुळतं का, खातं बंद पडलेलं नाही ना, हे एक रुपया पाठवून महिनाभर आधी तपासा. पैसे अडकतात ते बहुतेक इथेच.

तिसरी, अर्जाची. आठ पानी अर्ज, पाच दाखले, आणि एक 'माझे ध्येय' निबंध. ज्या घरात कुणी अर्ज भरलेला नाही तिथलं मूल इथेच गळतं. अर्ज एक पानाचा, घरच्या भाषेत, तोंडी सांगितला तरी चालेल असा. दाखले निवडीनंतर मागा आणि ते काढायला माणूस सोबत द्या. घरी भेट देणारा आणि मुलाखत घेणारा वेगवेगळा असावा.

चौथी, नूतनीकरणाची. एका विषयात नापास झालं की मदत बंद, ही अट फार जण घालतात. पहिल्या पिढीतलं मूल पहिल्या सत्रात अडखळतंच. भाषा बदललेली असते, घर सुटलेलं असतं. एक पूर्ण सत्र सवलतीचं द्या, त्या काळात शिकवणी आणि दर पंधरवड्याला फोन. शिष्यवृत्तीच्या एकूण रकमेतला २० टक्के भाग अशा सोबतीसाठी राखला नाही तर बाकीचे ८० टक्के धोक्यात येतात.

मोजपट्टी

पुढचीयत्ता, रचनेबद्दल सगळं पटलं. माझा आक्षेप आधीच्या पायरीला आहे. शिष्यवृत्ती मिळते ती बारावीपर्यंत पोचलेल्याला. शंभर मुलांच्या वस्तीतून तिथवर किती पोचतात? तक्त्यात तिसरी-चौथीतली निम्मी मुलं शब्दस्तराच्या खाली दिसत असतील तर सगळा पैसा वरच्या टोकाला घालणं म्हणजे गाळून उरलेल्यांना बक्षीस देणं. गाळणी तशीच राहते.

पुढचीयत्ता

मोजपट्टी, आक्षेप रास्त आहे. पण एक विसरू नका. वस्तीतली पहिली परिचारिका, पहिला शिक्षक किंवा पहिली अभियंता दिसली की खालच्या इयत्तांतल्या मुलांच्या घरचं गणित बदलतं. डॉमिनिकन प्रजासत्ताकात आठवीतल्या मुलांना शिक्षणाने कमाई किती वाढते हे नुसतं खरं खरं सांगितलं, तर मुलं जास्त काळ शाळेत टिकली. कारण त्यांचा अंदाज वास्तवापेक्षा फारच कमी होता. डोळ्यासमोरचं उदाहरण तेच काम करतं. शिवाय शिष्यवृत्ती आणि पायाभूत वाचन यांना वेगवेगळ्या प्रकारचे देणगीदार मिळतात, तेव्हा एकाचा पैसा दुसऱ्याचा हिसकावून घेतोच असं नाही.

मोजपट्टी

देणगीदार वेगळे असतील तर वाद नाही. धाग्यात निधी ठरलेला आणि एकच आहे, म्हणून विचारलं.

उजळणी

मग खालच्या टोकाला काय करायचं ते लिहिते.

इयत्ता बाजूला ठेवायची आणि दिवसातले दीड-दोन तास स्तरानुसार गट करायचे. तिसरीतलं आणि पाचवीतलं मूल दोघंही अक्षरस्तरावर असतील तर एकाच गटात. 'प्रथम' संस्थेने हा प्रकार रुळवला. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात 'बालसखी' म्हणून त्याचं जे रूप होतं, त्यात वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना दिवसाचे दोन तास शिकवत. गुण स्पष्ट वाढले, सगळ्यात मागे असलेल्यांचे तर जास्तच. इमारत नाही, यंत्रं नाहीत, खर्च मुख्यतः मानधनाचा.

करायचं असेल तर एका शिकवणाऱ्यामागे २० च्या वर मुलं नकोत. सुरुवातीचं प्रशिक्षण ५-६ दिवसांचं, त्यातले किमान दोन दिवस खऱ्या मुलांसोबत. दर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तोंडी चाचणी आणि गटांची फेरबांधणी. ही फेरबांधणी सुटली की गट गोठतात आणि 'कच्ची मुलं' नावाचा नवा वर्ग तयार होतो. वाचनात रोज एक गोष्ट मोठ्याने, त्यावर गप्पा, मग बाराखडीचा तक्ता, मग मुलांनी स्वतः लिहिणं. नुसती बाराखडी घोकवली तर मुलं अक्षरस्तरावरच राहतात.

मोजपट्टी

त्याच 'बालसखी' अभ्यासातला दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने फायदा बराच ओसरला, थोडा उरला. म्हणजे पाच वर्षांच्या निधीत दोन वर्षं हे करून बाहेर पडायचं असं चालणार नाही. गोष्टस्तराला पोचलेल्या मुलाच्या हातात पुढे वाचायला काहीतरी हवं. पुस्तकपेटी यांचं कपाट इथे कामाला येतं.

अंकलिपी

शिक्षक येतच नसतील तर?

ताळेबंद

अंकलिपी, त्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा दिला. दिवस सुरू होताना आणि संपताना, पाच तासांच्या अंतराने, मुलांसोबत शिक्षकाचा फोटो. मानधन त्या वैध दिवसांवर. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली.

पण हे चाललं कारण नियम ठरलेला होता आणि पैसे ठरल्याप्रमाणे मिळत होते. केनियात कंत्राटी शिक्षकांचा एकच कार्यक्रम काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने आणि काही शाळांत शासनाने चालवला. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, शासनाच्या शाळांत नाही. पगार उशिरा होणं आणि देखरेख ढिली पडणं ही त्यातली कारणं. लहान प्रमाणावर जमलं म्हणून मोठ्यावर जमेलच असं धरू नका.

पायवाट

नुसत्या हजेरीवर थांबू नका. आलेल्या शिक्षकाला शिकवताना सोबत हवी. एका मार्गदर्शकाकडे १५ ते २० शाळा, रस्ता खराब असेल तर १०. दर पंधरवड्याला एक भेट: अर्धा तास वर्ग पाहणं, पंधरा मिनिटं स्वतः शिकवून दाखवणं, पंधरा मिनिटं बोलणं. वहीत एकच सुधारणा लिहायची. सात लिहिल्या तर एकही होत नाही. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत असतील तर कोलंबियातल्या 'एस्क्वेला नुएवा'ची पद्धत पाहा. १९७५ च्या सुमारास सुरू झाली, मुलं स्वतःच्या गतीने मार्गदर्शिका सोडवतात आणि शिक्षक एकेका गटापाशी जातात.

आता अंतर. प्राथमिक शाळेचं एक उत्तर बांगलादेशात 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने १९८५ मध्ये २२ शाळांपासून शोधलं: एक खोली, तीसेक मुलं, जास्त करून मुली, आणि वस्तीतलीच एक शिक्षिका. तीच शिक्षिका तीच मुलं घेऊन वरच्या इयत्तांत जाते. शाळाच पायी चालत येण्याच्या अंतरावर आणली. माध्यमिकला ते जमत नाही, कारण विषय जास्त असतात. तिथे एकतर वाहन, नाहीतर वसतिगृह. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा प्रवेश वाढले आणि वाढ मुख्यतः जिथे शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे दिसली. सायकल देताना पंप, पंक्चरचं सामान आणि दिवाही द्या. मुलींनी गटाने जावं अशी वेळ शाळेशी ठरवून घ्या.

हंगामी स्थलांतर हा वेगळाच प्रश्न. आईवडील पाच-सहा महिने बाहेर जातात, मूल सोबत जातं आणि परत आल्यावर दोन इयत्ता मागे असतं. त्या महिन्यांपुरतं निवासी केंद्र चालवायचं तर २५ मुलांमागे दोन मोठी माणसं रात्रीही हजर हवीत, त्यातली एक बाई. ते परवडत नसेल तर मुलासोबत त्याच्या स्तराचं कार्ड द्या, म्हणजे जिथे पोचेल तिथल्या शिक्षकाला पुन्हा शून्यापासून चाचपडावं लागत नाही.

कोरीपाटी

अवांतर: वसतिगृहाचा विषय निघालाच आहे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव यायलाच हवं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह, आणि पुढे 'कमवा आणि शिका'. शाळा उभारण्याआधी मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी किती आधी ओळखलं होतं.

सावली

कोरीपाटी, अवांतर मुळीच नाही. वसतिगृह म्हटलं की मुलांच्या सुरक्षेचे नियम आधी आणि गाद्या नंतर. प्रत्येक कर्मचाऱ्याची आणि स्वयंसेवकाची पूर्वपडताळणी. कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसासोबत बंद खोलीत नाही. तक्रार करायला संस्थेबाहेरची एक व्यक्ती, तिचा नंबर मुलांच्या उंचीवर भिंतीवर लावलेला. तक्रार आली तर पहिल्या २४ तासांत काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा.

आणि फोटो. देणगीदाराच्या अहवालासाठी मुलांचे चेहरे, नाव, वस्ती आणि 'हिचे वडील दारू पितात' अशा ओळी छापल्या जातात. त्या मुलीला पुढची चाळीस वर्षं त्याच वस्तीत राहायचं असतं. नाव बदला, गाव लिहू नका, पालकांची आणि मुलाची संमती त्यांच्या भाषेत घ्या, आणि 'नाही' म्हटलं तर मदतीवर परिणाम होणार नाही हे आधी सांगा.

ताळेबंद

स्थानिक संस्थांना अनुदान देणाऱ्या फाउंडेशनसाठी चार गोष्टी. किमान तीन वर्षांचा करार, कारण वर्षावर्षाच्या करारात मार्च आला की चांगली माणसं दुसरी नोकरी शोधू लागतात. पहिला हप्ता ४० टक्के, कामाच्या आधी. कार्यालय, हिशेबनीस, प्रवास, लेखापरीक्षण यांसाठी १५ ते २० टक्के मोकळ्या मनाने द्या. '५ टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च नको' म्हटलं की तो खर्च दुसऱ्या नावाखाली लपतो आणि हिशेब खोटा होतो. अहवाल वर्षातून दोनदा, चार पानांचे. दर महिन्याला तीस रकाने भरायला लावले तर वर्गात जाणारा माणूस संगणकासमोर बसतो.

खडूफळा

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पहिल्या वर्षाबद्दलचं मत बदललं: सहा आठवडे सर्वेक्षण, आणि जिथे कडी-पाणी-सफाईसारखं उघड दिसतंय तिथे लगेच काम. मोजपट्टी आणि पुढचीयत्ता यांच्या वादात मी खालच्या टोकाकडे झुकतो आहे, साधारण ७० टक्के वाचन-गणितावर. पण निवडलेल्या विद्यार्थ्यांची पूर्ण रक्कम आधी बाजूला काढणार असू तरच उरलेल्यातून शिष्यवृत्ती.

दोन प्रश्न राहिले. पाच वर्षांनी बाहेर कसं पडायचं? आणि चाचणी कुठल्या भाषेत?

झरोका

बाहेर पडण्याचं: रोझेनवाल्डने आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांत निधी संपवायचा अशी अट घातली होती. तो १९३२ मध्ये गेला, आणि निधी १९४८ मध्येच पूर्ण खर्च होऊन बंद झाला. शाळा बंद पडल्या नाहीत, कारण त्या पहिल्या दिवसापासून सार्वजनिक व्यवस्थेच्या नावावर होत्या. तुमच्या बाबतीतही पुढे चालवणारा जो कुणी असेल, शाळा, स्थानिक शासन किंवा पालकांची समिती, तो पहिल्या वर्षाच्या बैठकीत बसलेला हवा. मानधनातला तुमचा वाटा तिसऱ्या वर्षी पाऊण, चौथ्यात अर्धा, पाचव्यात पाव. चौथ्या वर्षी समोरच्याचा अर्धा वाटा आला नाही तर तेव्हाच कळेल, आणि हातात एक वर्ष शिल्लक असेल. समितीच्या बैठका संध्याकाळी ठेवा, रोजंदारी बुडेल अशा वेळी नको.

उजळणी

भाषेचं: दोन्ही भाषांत घ्या. घरची भाषा लिहिली जात नसेल तर त्या भाषेत एक छोटी गोष्ट तोंडी सांगून तीन प्रश्न विचारा, आणि मग शाळेच्या भाषेतला परिच्छेद वाचायला द्या. घरच्या भाषेत तिन्ही उत्तरं बरोबर आणि शाळेच्या भाषेत वाचून अर्थच लागत नाही, असं मूल 'कच्चं' नाही, ते भाषेपाशी अडलंय. त्याला स्तरगटापेक्षा दोन्ही भाषा येणारी शिक्षिका आधी हवी. म्हणून तक्त्यात हे दोन रकाने वेगळे ठेवा. एकत्र केलेत तर ही मुलं शोधूनही सापडणार नाहीत.